पिवळा पॅनल

३ जानेवारी २०२५, शुक्रवार
टीव्ही गेला. म्हणजे चालू आहे, पण गेला. चित्र पिवळं पडलंय. पांढरा शर्ट घातलेला माणूस लिंबू सरबतात बुडवून काढल्यासारखा दिसतो. मृणालीला दाखवलं. तिला काही दिसलं नाही. श्रद्धाने मोबाईलमधून मान वर केली, “लुक्स नॉर्मल टू मी, पप्पा” म्हणाली, मान परत खाली.
दोघींचा दोष नाही. डोळा तयार व्हावा लागतो. सव्वीस वर्षं इथे बहारीनमध्ये, तुबलीच्या गॅरेजमध्ये गाड्यांचे रंग जुळवतोय. पांढऱ्यात चौदा पांढरे असतात, हे बायकोला आणि अकरावीतल्या मुलीला कसं कळणार?
संकल्प: १ मार्चच्या आत नवीन टीव्ही. पण अभ्यास करून. घाई नाही.

६ जानेवारी
अभ्यास सुरू. टीव्ही कधी बदलावा याचं माझं एक शास्त्र आहे: नवीन टेक्नॉलॉजी पहिल्या झटक्यात घ्यायची नाही. म्हणून डबा टीव्ही २०१४ पर्यंत ठेवला. मधे प्लाझ्मा आला. मी थांबलो. प्लाझ्मा मेला. थ्रीडी आला, चष्म्यासकट गेला. वाकडा पडदा आला, लोक म्हणाले भविष्य हेच, तोही दोन वर्षांत सरळ झाला. मी एकाही फंदात पडलो नाही.
मृणाली म्हणाली, तुम्ही कुठल्याच फंदात पडत नाही हीच तर अडचण आहे.
सध्याच्या एलईडीची बॅकलाइट म्हातारी झाली आहे. निळा प्रकाश आधी मरतो, पिवळा उरतो. हे मी स्वतः शोधून काढलं.

११ जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या शैलेंद्रने मला न विचारता पंचावन्न इंची क्यूएलईडी आणला. एसी दुरुस्त करणारा माणूस, त्याला पॅनल काय कळणार. तरी शेजारधर्म म्हणून संध्याकाळी गेलो. बघतो तर काय, नवाकोरा टीव्ही आणि पिवळा! फॅक्टरी सेटिंग असंच असतं, दुकानात उठून दिसावं म्हणून. रिमोट घेतला. कलर टेंपरेचर कूल. लाल कमी. निळा फुल्ल. अर्ध्या तासात चित्र माणसात आणलं.
शैलेंद्रची बायको जरा चाचरत म्हणाली, “भाईसाहब, सबके चेहरे…” मी म्हटलं, भाभी, आठ दिवस द्या, डोळ्याला सवय होईल. शैलेंद्र काहीच बोलला नाही. भारावला असावा.

१९ जानेवारी
दुसऱ्या मजल्यावरचा केरळी, चौथ्या मजल्यावरचा आपला सांगलीवाला. दोघांचेही टीव्ही सेट करून दिले. दोघांचेही पिवळे होते. या बिल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं लोक पिवळं जग बघतायत आणि कोणाला पत्ता नाही. सांगलीवाला म्हणाला, एवढा त्रास कशाला घेता. मी म्हटलं, त्रास कसला, आवड आहे.

४ फेब्रुवारी
तुबलीच्या रस्त्याला नवीन दिवे लावलेत वाटतं. एकदम भिकार क्वालिटी. प्रत्येक दिव्याभोवती पिसारा. टीव्हीच्या भाषेत याला ब्लूमिंग म्हणतात: उजेड आपल्या हद्दीत राहत नाही, शेजारी सांडतो. स्वस्तातल्या पॅनलमध्ये होतं. आता रस्त्यावरही स्वस्त माल.
समोरून येणाऱ्या गाड्यांनाही तोच रोग.

९ फेब्रुवारी
आज डोकं फिरलं. पांढऱ्या पिकअपचा दरवाजा रंगवून दिला होता. गिऱ्हाईक परत आलं. म्हणतो दरवाजा निळसर आहे. मी उन्हात नेऊन बघितला, सावलीत बघितला, बसून बघितला. एकच पांढरा. त्याला सांगितलं, गॉगल काढ. म्हणाला, काढलाय.
ताहिर मधे पडला. सियालकोटचा पोरगा म्हणून आला होता, आता त्याचीच दाढी पिकलीय, माझ्या हाताखाली बारा वर्षं आहे. म्हणाला, “उस्ताद, आप चाय पीजिए, मैं देख लेता हूँ.” मी चहा प्यायलो. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. ताहिरने नक्की काय केलं विचारलं तर म्हणाला, पॉलिश मारलं.
बघा. म्हणजे रंग बरोबरच होता.

२० फेब्रुवारी
मृणालीला तिच्या शाळेच्या ऑफिसातून आणताना राउंडअबाउटवर गाडी थोडी कठड्यावर चढली. थोडीच. मागचं एक चाक. त्या दिव्यांमुळे कठडा दिसलाच नाही. मृणालीने डॅशबोर्डला दोन्ही हातांनी धरलं होतं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही. जिन्यात म्हणाली, अहो, एकदा डोळे दाखवून घ्या.
मी शांतपणे समजावलं की दोष दिव्यांचा आहे. म्हणाली, मग बाकीच्या गाड्या का चढत नाहीत? म्हटलं, त्यांना सवय झालीय.
उद्यापासून ती शैलेंद्रच्या बायकोच्या गाडीतून जाणार आहे. म्हणते, तेवढाच तुम्हाला आराम. मला बरं वाटलं. बायको अशी काळजी करणारी हवी.

१ मार्च
आज टीव्ही घ्यायचा दिवस. पण रमजान लागला. रमजानात ऑफर येतात, पहिल्याच दिवशी घेणारा मूर्ख. संकल्प मोडलेला नाही, सुधारलेला आहे.
अभ्यास मात्र पूर्ण. मिनी एलईडीत हजारो छोटे दिवे, पण तरी दिवेच, पिसारा येणारच. ओएलईडीत मागे दिवाच नाही, एकेक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. पिसाऱ्याचा प्रश्नच मिटला. आरजीबी मिनी एलईडी येतोय, त्याला थांबावं का, यावर चार दिवस घालवले. श्रद्धाला मत विचारलं. म्हणाली, “पप्पा, नोबडी इव्हन वॉचेस टीव्ही.” नवीन पिढीचा संयम संपलाय.

१४ मार्च, शुक्रवार
घेतला! हूरा भागातल्या दुकानातून. ओएलईडी, पासष्ट इंची. सेल्सवाली इशरत म्हणाली, सर, तुमच्याएवढे प्रश्न आजवर कोणी विचारले नव्हते. दोन तास विचारत होतो. शेवटी तिने बसायला खुर्ची दिली.
दुकानातही पडदा जरा पिवळा वाटला. पण दुकानातले दिवेच पिवळे होते. असणारच.
उद्या डिलिव्हरी. सव्वीस वर्षांचा डोळा उद्या सार्थकी लागणार.

१५ मार्च
पिवळा.

१६ मार्च
निळा फुल्ल करूनही पिवळा. शिवाय काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की पिसारा. ओएलईडीला पिसारा नसतो असं सगळी दुनिया लिहिते. मला दिसतो. म्हणजे सगळी दुनिया खोटं लिहिते.
दुकानात फोन केला. इशरत म्हणाली, सर, बदलून देऊ. आवाज थकलेला वाटला. रोजा असेल.

२२ मार्च
दुसरा सेट आला. पिवळा. एकाच बॅचचा असणार. कंपनीच्या हेड ऑफिसला इंग्रजीत मेल टाकला. श्रद्धाला स्पेलिंग तपासायला दिला. तिने पूर्ण वाचला, माझ्याकडे बघितलं, “आर यू शुअर, पप्पा?” म्हणाली. मी म्हटलं, हंड्रेड पर्सेंट. मग तिने रिमोट घेतला, पडद्यावर एक पांढरं चित्र लावलं आणि विचारलं, हा कुठला रंग? मी म्हटलं, हस्तिदंती. ती आत आईकडे गेली. दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. पाडव्याच्या खरेदीचं असेल, माझ्यासाठी कुर्ता वगैरे.

२६ मार्च
ताहिर सुट्टीवर गेला. ईद आणि पुतणीचं लग्न, दोन महिने. जाताना म्हणाला, “उस्ताद, बड़ा काम आए तो मेरे आने तक रोक लेना.” मी हसलो. माझ्याकडे शिकला आणि मलाच सांगतो. त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो का कोण जाणे, हसला नाही.

३ एप्रिल
दुकानाचा टेक्निशियन मशीन घेऊन आला. पडद्याला काळी डबी चिकटवली, लॅपटॉपवर आकडे बघितले. म्हणाला, पॅनल परफेक्ट आहे, निळा मात्र फार वाढवलाय. मी म्हटलं, तुझं मशीन कोणत्या साली तपासलं होतं? त्याने डबी काढली, पिशवीत ठेवली आणि मृणालीकडे बघून म्हणाला, “मॅडम, सर को एक बार…” मृणाली म्हणाली, हो, माहीत आहे.
काय माहीत आहे, ते दोघांनीही सांगितलं नाही.

१० एप्रिल
मोठं काम आलं! खुद्द मालकाची, अरबाबची गाडी. चंदेरी-निळी, बंपर आणि बॉनेट घासलंय. शनिवारी त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न, याच गाडीतून नवरदेव जाणार. मालक म्हणाले, “विशू, सिद्दीक, तूच कर.” सिद्दीक म्हणजे दोस्त. सव्वीस वर्षांचा विश्वास. ताहिरची आठवणसुद्धा झाली नाही.
रंग स्वतः मिक्स केला. टेस्ट कार्ड गाडीला लावून बघितलं. कार्ड कुठे संपतं आणि गाडी कुठे सुरू होते, कळेना. जुळणं म्हणजे हे.

१२ एप्रिल, शनिवार
लिहावंसं वाटत नाही.

१३ एप्रिल
लिहितो.
काल सकाळी मालक गाडी न्यायला आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. दुसरी मारली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “विशू, बॉनेट कुठल्या दुसऱ्या गाडीचं लावलंस का?” मी हसलो. ते नाही हसले. कामगार सगळे गोळा झाले आणि सगळे जमिनीकडे बघत होते.
मालकांनी कपाटातून दोन कार्डं काढली. विचारलं, एकच की वेगळी? मी नीट बघितली. म्हटलं, एकच. त्यांनी सगळ्यांना तिथून जायला सांगितलं. मग मला म्हणाले, एक आकाशी आहे, एक राखाडी.
नवरदेव भाड्याच्या गाडीतून गेला.
मी म्हटलं पेंट कंपनीचा माल खराब. मालकांनी ताहिरला सियालकोटला फोन लावला, स्पीकरवर. ताहिर आधी म्हणाला नेटवर्क नाही. मग म्हणाला, “अरबाब, मैं डेढ़ साल से उस्ताद का हर रंग बाद में ठीक करता हूँ. उनको मत बताइए.”
मी तिथेच उभा होतो. नेटवर्क एकदम स्वच्छ होतं.
मालक म्हणाले, “खलास. डोळे दाखव. तोपर्यंत रंगाला हात लावायचा नाही.”

१५ एप्रिल
सलमानियाजवळच्या एका क्लिनिकमध्ये. डॉक्टर अकीला. वयाने लहान, आवाजाने मोठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. म्हणाली, तुमच्या डोळ्याची लेन्स पिवळी झालीय, निळा प्रकाश आत पोचतच नाही. आणि दिव्यांभोवतीचा पिसारा तिचाच.
मी म्हटलं, पण बावन्नाव्या वर्षी? म्हणाली, होतो. शुगर किती आहे? मी मृणालीकडे बघितलं. मृणालीने फाइल काढली. फाइल आधीच तयार होती.
घरी येताना टॅक्सीत मृणाली एवढंच म्हणाली, राउंडअबाउटवर त्या दिवशी श्रद्धा मागे बसली असती तर? मी खिडकीबाहेर बघितलं. दिव्यांना पिसारे होते. सुंदर दिसत होते, खरं तर.

१८ एप्रिल
मन सावरलं. यातही अभ्यास हवा. डोळ्यात बसवायच्या लेन्सचे किती प्रकार! एका अंतराची, अनेक अंतरांची, पिवळी झाक असलेली, पारदर्शक. आणि वाचनात आलं की नवीन पिढीची लेन्स लवकरच येतेय. आत्ता बसवली आणि वर्षभरात ती आली तर? टीव्ही बदलता येतो. डोळा परत दुकानात नेता येत नाही.
संकल्प: डोळा पुढच्या वर्षी. तोवर चालणं वाढवायचं, गाजर.
मृणालीला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, टीव्हीसमोर बसून मी तीन महिने तुम्हाला आंधळं होताना बघतेय. आता आणखी एक वर्ष बघायला सांगता? आवाज चढला नव्हता. चढला असता तर वाद घालता आला असता.
गाजर तरी आणायला सांगितलंय.

६ मे
उजवा डोळा झाला. वीस मिनिटं. डॉक्टरने सांगितली ती साधी लेन्स. मला ब्रँड विचारायचा होता, पण तोंडावर कापड होतं.

७ मे
पट्टी काढली.
भिंत पांढरी आहे. आमच्या हॉलची भिंत. मी तिला क्रीम समजत होतो. दूध पांढरं. मृणालीचे कानाजवळचे केस पांढरे. किती दिवसांपासून, विचारलं नाही. तिने साडी नेसली होती, जांभळी. मी तिला तपकिरी साड्या का आवडतात म्हणून दोन वर्षं कुरकुर करत होतो.
डावा मिटला की उजव्याचं जग. उजवा मिटला की जुनं, लिंबू सरबताचं. आलटून पालटून तासभर हेच करत होतो. श्रद्धा शाळेतून आली, म्हणाली, “पप्पा, आर यू विंकिंग ॲट मी?” मग शेजारी येऊन बसली. मोबाईल आतल्या खोलीत ठेवून आली होती.

८ मे
टीव्ही लावला.
बातम्या देणारी बाई निळी. तिच्या मागचा नकाशा निळा. जाहिरातीतलं बाळ निळं, आमरस हिरवा. सेटिंग बघितली: माझीच. मी मृणालीला म्हटलं, हे असं तुम्ही बघत होतात? ती म्हणाली, छे. तुम्ही गॅरेजला गेलात की आम्ही बदलायचो, तुम्ही जिन्यात दिसलात की परत लावायचो. श्रद्धाने त्यासाठी रिमोटवर एक बटण सेट करून ठेवलंय. त्या मोडला नाव दिलंय. नाव ‘पप्पा’.
इशरतला फोन करून माफी मागायचं ठरवलं. नंबर लागला नाही. माझा नंबर ब्लॉक आहे असं श्रद्धा म्हणते. तिला काय कळतं.

१६ मे, शुक्रवार
संध्याकाळी शैलेंद्रकडे गेलो. म्हटलं, त्याचं सेटिंग आपणच बिघडवलं, आपणच नीट करून देऊ. दार त्याने उघडलं. मला बघून जरा मोठ्या आवाजात म्हणाला, “आइए, विशू भाई, आइए!” आणि मागे वळून बघितलं. दाराच्या फटीतून मला उजव्या डोळ्याने हॉल दिसत होता. टीव्हीवर माणसं गव्हाळ, झाडं हिरवी, छान चित्र. भाभीने झडप घालून रिमोट उचलला, तीन बटणं दाबली आणि सगळा देश निळा झाला.
मी आत गेलो. सोफ्यावर बसलो. त्या दोघांनी चहा दिला, चिवडा दिला आणि माझ्या शेजारी बसून एक तास निळी मालिका बघितली. निळी सून निळ्या सासूच्या पाया पडली. भाभीच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. उलट मधे मधे माझ्याकडे बघत होती, मला बरं वाटतंय ना म्हणून.
सांगायला गेलो होतो. सांगितलं नाही. चार महिने या दोघांनी, सांगलीवाल्याने, केरळ्याने, कोणी एका शब्दाने… आणि मी आता म्हणू, मला सगळं दिसतंय?
उठताना म्हटलं, पिक्चर एकदम करेक्ट आहे. शैलेंद्रने सुटकेचा निःश्वास टाकला.
बाहेर चपला घालत होतो. दार नीट लागलं नव्हतं. आतून भाभीचा आवाज आला, “गए क्या? अब जल्दी से इंसानों वाला रंग लगाइए.”

२ जून
ताहिर परत आला. मिठी मारली. त्याने सियालकोटहून आणलेला हलवा दिला, मी लगेच शुगरचं कारण सांगितलं आणि अर्धा खाल्ला.
मालकांनी नवी व्यवस्था केलीय. रंगाची खोली ताहिरकडे. मला पुढे ऑफिसात टेबल, एसीच्या बरोबर समोर, पद ‘सीनिअर कलर ॲडव्हायझर’. फोन आला की घ्यायचा, गिऱ्हाईकाला तारीख द्यायची. बढतीच म्हणायची. सव्वीस वर्षांच्या अनुभवाचा खरा उपयोग सल्ल्यातच असतो. डावा डोळा अठरा तारखेला. मृणालीने अपॉइंटमेंट परस्पर घेतली. नवीन लेन्सचं मी वाचत होतो, ते वाचन तिने थांबवलंय.

५ जून
मालक वेटिंग रूमला टीव्ही घेतायत. गिऱ्हाईकांना बसायला बरं. मी खुर्चीत सावरून बसलो. मिनी एलईडी की ओएलईडी, उजेडाची खोली आहे, खिडकी पश्चिमेला, सगळं डोक्यात तयार होतं. शिवाय जानेवारीत नवीन मॉडेल येतात, थांबलेलं बरं, हेही सांगणार होतो.
मालक आले, टेबलाशी थांबले, माझ्याकडे बघून प्रेमाने हसले, “विशू, कैफ हालक?” अशी खुशाली विचारली, आणि आत जाऊन ताहिरला विचारलं.